आजाऱ्याच्या उशाशी असताना

कर्करोग हा माणसाला वेळ देणारा आजार आहे, असा आपल्याकडे एक समज रूढ आहे. कोणाच्या छातीत कळ आली तर माणसे धावतात, शेतात कोणाला पान लागले तर मध्यरात्री जीप काढतात. परंतु कर्करोगाच्या रुग्णाला काही नवे होऊ लागले, की घरातील वडीलधारी मंडळी 'आजारच तसा आहे' असे म्हणून सकाळची वाट पाहत बसतात. हा समज सर्वस्वी खोटा नव्हे. रोग महिनोन्महिने चालतो, उपचारही वर्षवर्षभर चालतात. तथापि ह्या लांबच्या वाटेवर काही प्रसंग असे येतात, की तेथे दिवसांचा हिशेब थांबतो आणि तासांचा सुरू होतो. ते प्रसंग ओळखावेत कसे आणि त्या वेळी घरच्या माणसांनी करावे काय, ह्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही डॉक्टर नव्हे. सांगली-मिरज परिसरातील आजाऱ्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जाणारी आम्ही धर्मग्रामातील पाच-सहा माणसे आहोत. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, एक शिक्षक आहेत, बाकीचे संसारी. नात्यागोत्याच्या निमित्ताने कऱ्हाड-साताऱ्याकडेही आमचे जाणे होते. आजाऱ्याजवळ बसावे, त्याची इच्छा असल्यास प्रार्थना म्हणावी, त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या बाईला तासभर पाठ टेकायला मिळावी, एवढ्याच हेतूने हे काम सुरू झाले. पुढे लक्षात आले, की उशाशी बसणाऱ्याने काही जाणून घेतलेले बरे. येथे जे सांगत आहोत ते काही आमच्या परिचारिकाबाईंनी शिकवलेले, काही डॉक्टरांनी समजावून दिलेले आणि काही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आपला हा भाग वैद्यकीय सोयींच्या बाबतीत दरिद्री आहे असे कोणी म्हणणार नाही. सर विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि त्या गावाला वैद्यकीय नगरी अशी ख्याती मिळाली. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कऱ्हाडला मोठे रुग्णालय आहे, साताऱ्यातही अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, आणि कर्करोगाच्या उपचारासाठी पूर्वीप्रमाणे प्रत्येकाला मुंबईची गाडी धरावी लागत नाही. परंतु जतच्या पूर्वेकडील वाडीवरून मिरज गाठायला रात्री किती वेळ लागतो, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावातून आजाऱ्याला आधी लाँचने तापोळ्याला आणि मग घाटरस्त्याने साताऱ्याला कसे आणावे लागते, हे त्या गावांतील माणसांनाच ठाऊक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर सांगली शहरातील घरातून त्याच शहरातील दवाखान्यात पोहोचणे अवघड होऊन बसले होते. म्हणूनच निघायचे केव्हा हे ज्याला वेळेवर कळले, त्याने निम्मे अंतर घरातच कापले असे आम्ही समजतो.

सर्वांत आधी तापाविषयी सांगावयास हवे, कारण ताप ही आपल्याला इतकी ओळखीची गोष्ट आहे की तिची भीती वाटत नाही. केमोथेरपीचे औषध कर्कपेशींबरोबर हाडांतील मगजावरही आघात करते. त्या मगजात रक्तातील पांढऱ्या पेशी तयार होतात आणि जंतूंशी लढण्याचे काम त्याच करतात. औषध दिल्यानंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ह्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. अशा वेळी जंतुसंसर्ग झाला तर शरीरात लढणारे कोणी उरत नाही. गळू होत नाही, पू धरत नाही, खोकल्यातून बेडका पडत नाही. संसर्गाची नेहमीची खूण दिसत नाही, दिसतो तो केवळ ताप. कधी तर तापही नसतो, नुसती हुडहुडी आणि विलक्षण गळाठा असतो. काही तासांतच रक्तदाब उतरू लागतो.

तासगाव तालुक्यातील द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका मामींची हकीकत सांगतो. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची दुसरी केमोथेरपी झाली होती. नवव्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांना थंडी वाजू लागली. शेजारीण म्हणाली, "औषधाचा जोर हाय त्यो, उद्यापतुर उतरंल." गावातल्या दवाखान्यात तापाची गोळी मिळाली आणि अंग निवलेही. मात्र माहेरपणाला आलेल्या लेकीने गोळी देण्याआधीच तापमापक लावून पाहिला होता. पारा १०१ च्या वर होता. केमोथेरपीची तारीखही तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली होती. ती म्हणाली, "आई, अंग निवलं असलं तरी आपण निघायचं." रात्री अकराच्या सुमारास त्या मिरजेत पोहोचल्या. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या. तेथील डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घेतला आणि तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविके सुरू केली. आठ दिवसांनी मामी घरी परतल्या. पुढचे उपचार पुरे झाले, आणि यंदाच्या छाटणीला त्या बागेत होत्या.

निकालाची वाट न पाहता औषध सुरू करण्याची ही रीत तशी जुनी नाही. पूर्वी रक्तात कोणता जंतू आहे हे कळेपर्यंत डॉक्टर थांबत आणि तोवर पुष्कळ रुग्ण दगावत. १९७१ साली अमेरिकेत स्टीफन शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप दिसताच दोन प्रतिजैविके एकदम सुरू करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढे जगभर तीच पद्धत रुजली. आज तर रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात पहिली मात्रा जावी, असा दंडक आहे. तो तास रुग्णालयाचा. त्याआधीचे तास आपल्या हातात असतात. म्हणून केमोथेरपी चालू असलेल्या घरात तापमापक हवाच. तापमान ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, अथवा हुडहुडी भरली, तर रात्र असो की सणाचा दिवस असो, निघावे. तापमान मोजण्यापूर्वी तापाची गोळी देऊ नये, कारण तिने ताप झाकला जातो आणि धोका तसाच राहतो. आणि रुग्णालयात पाऊल ठेवताच पहिले वाक्य हे असावे: "ह्यांची केमोथेरपी चालू आहे आणि आज अमुक दिवस आहे." एवढ्या एका वाक्याने आजाऱ्याची गणना तापाच्या रांगेतून तातडीच्या रुग्णांत होते.

दुसरी गोष्ट पाठदुखीची. आपल्याकडे कष्टाच्या माणसाची पाठ दुखणे ही काही बातमी नव्हे. परंतु स्तन, फुप्फुस किंवा पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथी येथील कर्करोग पुष्कळदा मणक्यात उतरतो, आणि तेथील गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब पडू लागतो. ही पाठदुखी निराळी असते. ती नवी असते, दिवसेंदिवस वाढते, आडवे पडल्यावर कमी होण्याऐवजी जास्त होते, खोकताना-शिंकताना मणक्यात कळ मारते, कधी पट्टा आवळल्याप्रमाणे पाठीकडून पोटाकडे येते. त्यानंतर पाय जड होतात, बधिर होतात, आणि शेवटी लघवी-शौचावरचा ताबा जातो.

कऱ्हाडजवळच्या एका निवृत्त एस. टी. चालकांना आम्ही ओळखत होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर त्यांचे उपचार चालू होते. तीन आठवडे त्यांची पाठ दुखत होती. रात्री आडवे होता येईना म्हणून ते खुर्चीत बसून झोपत. एका दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले, की तीस वर्षे स्टिअरिंग धरले, त्याचे हे व्याज आहे. चोळायला तेल मिळाले. मग एके दिवशी अंगणातून घरात येताना पायातली चप्पल मागे गळून पडली आणि त्यांना ते कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी लघवी तुंबली. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. तेथे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, एम. आर. आय. झाला, किरणोपचार झाले. वेदना पुष्कळ कमी झाली, पण पाय परत आले नाहीत. ते त्यानंतर चौदा महिने जगले, ते सर्व खाटेवर. एकदा आम्हांला म्हणाले, "गाडीचा पाटा तुटायच्या आधी आवाज करतो हो. मला आवाज येत होता. कशाचा, ते सांगणारं कोण भेटलं नाही."

ह्या आजाराचा नियम कठोर आहे. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो, तो बहुधा पुढेही चालू शकतो. ज्याचे पाय गेले आहेत त्याचे पाय क्वचितच परत येतात. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची नवी पाठदुखी त्याच आठवड्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालावी, आणि पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी निघावे. अशा रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. सपाट आडवे ठेवून न्यावे. पाठीला मालीश करू नये.

आणखी काही लक्षणे थोडक्यात सांगतो. फुप्फुसाच्या किंवा छातीतील लसिकाग्रंथींच्या कर्करोगात सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसतो, सदऱ्याची कॉलर आवळू लागते, मानेवरच्या व छातीवरच्या शिरा फुगतात. छातीतील मोठ्या शिरेवर दाब पडल्याची ती खूण असते. अशा रुग्णाला उशांना टेकवून बसते ठेवावे आणि न्यावे. घशाच्या किंवा जिभेच्या कर्करोगात श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला तर क्षणाचाही विलंब करू नये. एकच पाय सुजून दुखू लागला तर तो चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाला झटके आले तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

आणि एक लक्षण असे आहे, की ज्याचा अर्थ घरोघरी चुकीचा लावला जातो. रुग्णाला फार तहान लागते, लघवीला वारंवार होते, शौचास होत नाही, मळमळते, आणि दोन-चार दिवसांत तो बरळू लागतो, ग्लानीत जातो. नातेवाईक गोळा होतात, दूरच्यांना फोन केले जातात. आता काळ जवळ आला असे सर्वजण धरून चालतात. कधीकधी ते खरेही असते. पण स्तन, फुप्फुस वा मगजाच्या कर्करोगात रक्तातील कॅल्शियम अतोनात वाढल्यानेही नेमके हेच घडते, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. शिरेतून सलाईन आणि कॅल्शियम उतरवणारे औषध मिळाले, तर बेशुद्धीकडे चाललेला माणूस काही दिवसांत पुन्हा नातवंडांना नावाने हाक मारू शकतो. तेव्हा 'काळ आला' हा निर्णय घरच्या ओसरीवर होऊ नये. तो डॉक्टरांशी बोलून व्हावा.

कोणी म्हणेल, हे सारे सामान्य माणसाच्या ध्यानात कसे राहणार? सांगलीला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे उदाहरण येथे आठवते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथे सुरू झाली. त्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, असे त्यांनी १९९५ साली नोंदवले. नुसते सांगण्याने एवढे साधले. शाळेची पायरी न चढलेल्या बायांना जे उमगले, ते आपल्या कुटुंबांना उमगणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आता एका अवघड विषयाकडे वळतो. प्रत्येक आणीबाणीत धावपळ करणे हेच कर्तव्य असते काय? आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत तंबाखू आणि मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग घरोघरी परिचयाचा आहे. साताऱ्यातील एका आजींना तो झाला होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, रोग उलटला, आणि यापुढे रोग बरा करणारा उपचार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मानेतील मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोहोचत आहे, एखाद्या दिवशी ती फुटून मोठा रक्तस्राव होऊ शकेल, हेही त्यांनी मुलाला व सुनेला एका बाजूला बसवून स्पष्ट सांगितले. हे ऐकणे सोपे नव्हते. मुलगा दोन दिवस जेवला नाही.

पण त्यानंतर त्या घराने जी तयारी केली, ती आम्ही पाहिली. आजींना विचारण्यात आले. त्यांनी मानेनेच सांगितले, की आता रुग्णालयात न्यायचे नाही. डॉक्टरांनी गुंगीचे औषध कसे व केव्हा द्यायचे ते लिहून दिले. सुनेने गडद तांबड्या रंगाचे जाड टॉवेल आणि तशीच चादर आणून उशाखाली ठेवली, कारण पांढऱ्या कापडावरील रक्त पाहून आजारी आणि घरचे दोघेही हबकतात. धर्मगुरूंनी येऊन तैलाभ्यंग संस्कार दिला, तो आजी शुद्धीवर असताना, शांतपणे. जवळजवळ तीन आठवड्यांनी एका पहाटे ते घडले. सुनेने टॉवेल दाबून धरला, आजींना कुशीवर घेतले, औषध दिले. नातवाने हात हातात धरला. दहा-बारा मिनिटांत सारे संपले. समाचाराला गेलो तेव्हा ती आम्हांला म्हणाली, "आत्याबाईंना भीती वाटली असंल, पण त्या एकट्या नव्हत्या. मी काय करायचं ते मला माहीत होतं."

अशा प्रसंगाची तयारी करणे म्हणजे मरणाला बोलावणे, असे पुष्कळांना वाटते. अनुभव उलट आहे. अंतकाळच्या शुश्रूषेचे हे शास्त्र १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ह्यांनी स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृहापासून वाढले. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केले. ते भारतातील पहिले शुश्रूषागृह. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून असेच केंद्र चालू आहे. तीव्र वेदनेवर मॉर्फीनसारखे औषध मिळणे १९८५ च्या कायद्याने फार कठीण करून ठेवले होते. २०१४ साली संसदेने त्यात सुधारणा केली आणि वाट थोडी मोकळी झाली. असह्य वेदना ही देखील आणीबाणीच आहे, हे आपण लक्षात घ्यावे. ती सोसणे हे पुण्य नाही आणि तिच्यावर औषध मागणे हा दुबळेपणा नाही.

म्हणून प्रत्येक आजाऱ्याच्या घरी एक कागद असावा, असा आमचा आग्रह असतो. कोणत्या अवयवाचा रोग, कोणते औषध कोणत्या तारखेला दिले, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे सारे मराठीत आणि मोठ्या अक्षरांत त्यावर लिहिलेले असावे. रात्री गाडी कोणाची मिळेल, तो शेजारी आधीच सांगून ठेवावा. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असावे. फाईल, शिधापत्रिका, ओळखपत्र आणि थोडे पैसे एकाच पिशवीत ठेवून ती दाराजवळ टांगावी. आणि कागदाच्या शेवटी, डॉक्टर व रुग्ण ह्यांच्याशी बोलून ठरवलेली एक ओळ असावी: अशी वेळ आली तर आम्ही कोठे जाणार, किंवा जाणार नाही.

आजाऱ्याच्या भेटीस जाताना आपण सफरचंदे नेतो, बिस्किटांचे पुडे नेतो. केमोथेरपीने तोंड आलेल्या माणसाला ती बहुधा खाता येत नाहीत. घरातली मुले खातात, त्याचेही काही वाईट वाटू नये. मात्र पुढच्या भेटीला जाताना सोबत एक तापमापक न्यावा. तो फळांच्या पिशवीहून महाग पडत नाही. तो कसा लावायचा हे घरच्या बाईला दाखवून द्यावे, केमोथेरपी कोणत्या तारखेला झाली हे विचारून तो दिवस दिनदर्शिकेवर लिहावा, आणि मग खुर्ची पुढे ओढून निवांत बसावे.